हवामान केंद्राचा ठिपका

“तो कायम लालच असतो. त्याच्याकडे बघत बसू नका,” हणबर सर म्हणाले आणि हातातली पट्टी त्यांनी पुढच्या ठिपक्याकडे सरकवली.

आम्ही सगळे हसलो. लाल ठिपका दिसला की हातातला चहासुद्धा खाली ठेवायचा, असं टिळेकर मॅडमनी आम्हाला नुकतंच बजावून सांगितलं होतं. आणि आमचे सर पहिल्याच लाल ठिपक्याला वळसा घालून निघाले होते.

मॅडमनाही हसू आलं. “कायम लाल म्हणजे काय, सर? मेलाय का तो?”

“मेलाय, पण मृत्यूचा दाखला निघालेला नाही,” सर म्हणाले. “डेअरीच्या मागचं हवामान केंद्र आहे ते. बंद पडून वर्षं झाली. निर्लेखनाचा प्रस्ताव सचिवसाहेबांच्या टेबलावर आहे. सामान दप्तरातून कमी झाल्याशिवाय नकाशातून काढता येत नाही. आमच्याकडे वस्तू मोडते मॅडम, मरत नाही.”

पडद्यावर आमच्या शेतकी शिक्षणसंस्थेचा नकाशा होता. कोल्हापूरच्या बाहेर उसाच्या पट्ट्यात पसरलेला सगळा परिसर त्यावर ठिपक्यांनी मांडलेला: माती परीक्षणाची प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहं, रोपवाटिका, डेअरी. प्रत्येक इमारतीतलं यंत्र म्हणजे एक ठिपका. यंत्र हाकेला ओ देत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. जागेवर बसून सगळ्या जाळ्यावर नजर ठेवता यावी म्हणून संस्थेनं हे नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते आम्हाला शिकवायला पुण्याच्या कंपनीनं टिळेकर मॅडमना आठवडाभरासाठी पाठवलं होतं.

आम्ही म्हणजे संस्थेच्या तालुक्यातालुक्यांतल्या कॉलेजांत ‘संगणक बघणारी माणसं’. कागदावर आमचा हुद्दा नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असा भारदस्त होता. प्रत्यक्षात प्राचार्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सगळं आमच्याकडे. त्यातून मी कंत्राटी. अकरा महिने नोकरी, मग मध्ये खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. लग्न झालं, मुलगी झाली, तरी माझी नोकरी आपली दरवर्षी नव्यानं जन्माला येत होती. सासरेबुवा तर भेटले की पहिला प्रश्न तोच विचारायचे: “मग यंदा आली का ऑर्डर?”

आणि या प्रशिक्षणानंतर मुख्यालयातल्या नव्या देखरेख कक्षात एक जागा भरली जाणार होती. कायम. निम्मे गुण मॅडमचे, निम्मे हणबर सरांचे, आणि जो पहिला येईल त्याच्या नावाची शिफारस. एकच जागा होती, आणि माझ्याशिवाय ती हवी असलेला दुसरा माणूस माझ्या शेजारच्याच बाकावर बसला होता. त्याचं नाव बागणे. हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे तो कुणाला विसरू देत नसे.

मला एक आधार होता तो सरांचा. दिनकर हणबर संस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख होतेच, पण त्याआधी डिप्लोमाला ते माझे शिक्षक होते. केबलच्या टोकाला कनेक्टर कसा दाबायचा हे त्यांनी माझा हात हातात धरून शिकवलं होतं. मला पहिली कंत्राटी ऑर्डर मिळाली तीही त्यांच्या शब्दामुळे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दुपार झाली की स्कूटर काढून घरी जेवायला. “सूनबाई ताट वाढून बसलेली असते,” म्हणायचे. शहरात त्यांनी बंगला बांधला तेव्हा वास्तुशांतीला आम्ही सगळे जेवून आलो होतो. सरांच्या बाई गेल्या त्यानंतर ते थोडे अबोल झाले होते, पण नातीचा विषय निघाला की पुन्हा खुलायचे. मनवाचा गणितात पहिला नंबर आला, मनवाला अपूर्णांक अवघड जातात, मनवा असं म्हणाली. त्या मनवाला आम्ही कुणी बघितलं नव्हतं, पण तिचे सगळे मार्क आम्हाला पाठ होते.

आठवडा चांगला गेला. माझी जोडी लावली होती शबाना मुल्लाणींबरोबर. गडहिंग्लजकडच्या कॉलेजात त्या कायम होत्या, म्हणून त्यांना स्पर्धेची फिकीर नव्हती. मी एखाद्या उत्तराला घाई केली की त्या हळूच म्हणायच्या, “खोत, घोडं पळत नाहीये तुमचं. परत बघा.” परत बघितलं की चूक सापडायची. शुक्रवारपर्यंत मी आणि बागणे बरोबरीत होतो.

शनिवारी शेवटचा दिवस. दुपारी समारोप, त्याला सचिवसाहेब येणार. सकाळच्या सत्रात मॅडमनी शेवटचं प्रात्यक्षिक दिलं.

“आतापर्यंत मी दिलेले बिघाड तुम्ही शोधलेत,” त्या म्हणाल्या. “आता मी काही देणार नाही. या जाळ्यात तुम्हाला कुणीही न सांगितलेली एक गोष्ट शोधा, आणि जागेवर नेऊन दाखवा. नुसतं पडद्यावर नको. चालत जायचं, हात लावून दाखवायचं.”

बागणेला ग्रंथालयातलं एक यंत्र सापडलं, चुकीच्या तारखेवर चालणारं. ते चांगलं होतं. मला काहीच सापडत नव्हतं. सर थोडा वेळ मागे उभे राहून बघत होते, मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तुमचं चालू द्या, मॅडम. मी जरा लवकर घरी जाऊन जेवून येतो. शनिवारी नातीची शाळा सकाळची असते.” जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटले, “घाई करू नकोस, रघुनाथा.”

ते गेले आणि मी पुन्हा नकाशाकडे डोळे लावून बसलो. शबानाबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो कायमचा लाल ठिपका हिरवा झाला.

मी डोळे चोळले. ठिपका हिरवाच होता.

“मुल्लाणी मॅडम,” मी म्हणालो, “मेलेला माणूस उठून बसला.”

त्यांनी बघितलं. सुरू असलेलं बंद पडलं की सॉफ्टवेअर बोंब ठोकतं. बंद पडलेलं सुरू झालं तर ते गप्प राहतं, आणि या ठिपक्याची बोंब तर ‘कायम बंद’ म्हणून कुणीतरी आधीच मिटवून ठेवली होती. आठवडाभर आम्ही लाल काय होतंय तेवढंच बघत होतो. मी मागच्या महिन्याचा आलेख काढला. रोज संध्याकाळी तासाभरासाठी हवामान केंद्र जिवंत होत होतं. शनिवारी दुपारीही. आणि तेवढ्या वेळात तिथून बराच मजकूर येत-जात होता, चलच्चित्रांचा असतो तेवढा.

मी हात वर केला. मॅडमनी माझा आलेख पडद्यावर टाकला आणि खोलीत एकच गलका झाला.

“भुताटकी हाय, भुताटकी!”

“भूत नव्हे, कोण तरी संस्थेच्या लाइनवर पिक्चर बघतंय फुकटात.”

“पिक्चर कसला? रोज ठरल्या वेळेला? लफडं हाय, लफडं,” बागणे म्हणाला, आणि सगळे खिदळले. मीही. मी तर जास्तच हसलो, कारण ती जागा आता माझ्या खिशात आल्यासारखी वाटत होती. सासऱ्यांना कसं सांगायचं याचं वाक्यही मनात जुळायला लागलं होतं.

“ग्रेट,” मॅडम म्हणाल्या. “चला, जेवणाआधीच बघून येऊ. चोर चालू असतानाच पकडायचा.”

आमची वरात निघाली. मी आणि शबानाबाई पुढे, मॅडम मागे, बाकीचे थट्टा करत. डेअरीत शिरलो, तिथलं कपाट उघडलं; आत स्विच, म्हणजे सगळ्या केबल येऊन मिळतात ती पेटी. हवामान केंद्राच्या खाचेचा, म्हणजे पोर्टचा, दिवा लुकलुकत होता. तिथून निघालेली केबल खिडकीतून बाहेर पडून, गोठ्याच्या कडेनं, उसाच्या फडाच्या बांधावरून मागे गेली होती. मी तिच्यावर बोट ठेवून दाखवलं. मॅडमनी मान डोलावली. माझी छाती फुगली होती, हे कबूल करायला हवं.

डेअरीतले आप्पा ढेकळे चाऱ्याची पाटी टाकून धावत आले. “तिकडं कुठं निघालासा?”

“हवामान केंद्रात, आप्पा.”

“तिकडं नका जाऊ. साप हाय तिथं. नाग. परवाच बघितलाय मी, ह्यो एवढा.”

“आमच्यात सर्पमित्र हायत,” बागणे म्हणाला.

“न्हाई ओ, खरंच नका जाऊ. बाईमाणसं हायत संगं तुमच्या.” आप्पा आमच्यापुढे हात पसरून उभे राहिले. मला ते गमतीचं वाटलं. शबानाबाई मात्र थबकल्या. “खोत,” त्या म्हणाल्या, “केबल दाखवली ना आपण? एवढं पुरे झालं की.”

“हात लावून दाखवायचं आहे,” मी म्हणालो. माझ्याआधीच बागणे आप्पांना वळसा घालून पुढे गेला होता, आणि त्याच्यामागे सगळे.

हवामान केंद्र म्हणजे बांधावरची एक खोली. पुढच्या भागात कधीकाळी हवेची यंत्रं होती, मागे बियाणांच्या पोत्यांचं गोदाम. दार आतून बंद होतं. आत माणूस आहे म्हटल्यावर सगळ्यांना आणखीच चेव आला. बागणेनं दारावर मूठ आपटली आणि आवाज जाड करून ओरडला, “ए, दार उघड! सायबर पोलीस!”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली.

दारात हणबर सर उभे होते.

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या मनात पहिला विचार असा आला, की सर आमच्याआधी पोचले आणि त्यांनी चोर पकडला. मग त्यांच्या अंगातलं बनियन दिसलं. लुंगी दिसली. हातांना कणीक लागली होती.

मागचे अजून हसत होते, त्यांना पुढचं दिसत नव्हतं. मग त्यांनाही दिसलं.

“या,” सर म्हणाले. “बसायला जागा नाही.”

मी आत का गेलो हे मला आजही सांगता येणार नाही. मागून रेटा आला असेल. माझ्याबरोबर मॅडम, शबानाबाई आणि बागणे आत आले. सोयाबीनच्या पोत्यांवर गादी टाकली होती. दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते. खिळ्यांना इस्त्रीचे पांढरे शर्ट लावलेले, धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिकच्या पिशव्या. खाली स्टोव्ह, परातीत भिजवलेली कणीक. आणि एका कोपऱ्यात, फक्त त्या एकाच कोपऱ्यात, भिंतीला फुलाफुलांचा पडदा लावला होता. पडद्यापुढे चांगली खुर्ची, बाजूला स्टुलावर फुलदाणी, वर गणपतीची तसबीर आणि भिंतीवरचं घड्याळ. समोर संगणक आणि त्याच्यावर चिकटवलेला छोटा कॅमेरा. कॅमेऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच घर होतं. त्याच्या बाहेर सगळी पोती.

“कुणी शोधलं?” सरांनी विचारलं.

“खोतनं,” बागणे म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यानं कशाचं श्रेय दुसऱ्याला दिलं.

सर माझ्याकडे वळले. “कसं शोधलंस? सांग.”

“सर, राहू दे ना,” टिळेकर मॅडम म्हणाल्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

“राहू दे कसं? मार्क द्यायचे आहेत. सांग, रघुनाथा.”

मी सांगायला लागलो. “सर, तो ठिपका... कायम लाल होता, तो हिरवा झाला.”

“मग काय केलंस?”

“मागचा महिना काढला.”

“काय दिसलं?”

“रोज... रोज संध्याकाळी तासभर...”

“मोठ्यानं बोल. तोंडी परीक्षेला पुटपुटायचं नाही, किती वेळा सांगितलंय.”

“रोज संध्याकाळी तासभर चालू असतो, सर.”

“कशासाठी, असं वाटलं तुला?”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं लोक का म्हणतात ते तेव्हा मला कळलं. “कुणीतरी पिक्चर बघतंय असं वाटलं,” मी म्हणालो. दुसरं जे आम्ही बोललो होतो ते माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

“अंदाज चुकला. पण शोध बरोबर आहे,” सर म्हणाले. “केबल डेअरीतून आली, हे सांगायला विसरलास. तरी पूर्ण मार्क. मॅडम, तुमचं काय म्हणणं?”

मॅडमनी नुसती मान हलवली. आणि तेवढ्यात संगणक वाजायला लागला.

सरांनी हातांकडे पाहिलं. घाईघाईनं ते लुंगीला पुसले, खिळ्यावरचा शर्ट काढून अंगात घातला, केसांवरून हात फिरवला. मग आमच्याकडे वळून इतक्या हळू आवाजात बोलले, की तसं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “जरा तिकडे पोत्यांकडे सरकता का? खुर्चीच्या मागे कुणी येऊ नका. एवढं करा.”

आम्ही सरकलो. पोत्यांना पाठ लावून उभे राहिलो. बाहेरचे दारापासून मागे हटले. सरांनी खुर्चीत बसून फोन घेतला.

“आजोबाऽ! तुमची बटणं वरखाली लागलीत!”

सर हसले. खरंखुरं हसले. “घाई झाली गं. शाळा सुटली?”

“आत्ताच आले. बाबा अजून यायचेत, म्हणून पटकन लावला फोन. जेवलात?”

“हो, मगाशीच.”

“कोणी वाढलं?”

“अगं, क्वार्टरला स्वयंपाकाला मावशी येतात, सांगितलं नव्हतं का?”

“तुमचं क्वार्टर मोठं आहे ना? तुम्ही म्हणाला होता, शनिवारी सगळं दाखवीन. आज शनिवार आहे. मला स्वयंपाकघर दाखवा, आणि त्या मावशी दाखवा.”

सरांची नजर परातीवर गेली, पोत्यांवर गेली आणि शेवटी आमच्यावर. आम्ही चार शिकलीसवरलेली माणसं तिथे ढिम्म उभे होतो. मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय, की मला काहीच कसं सुचलं नाही? ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांच्यावर अशी वेळ आलेली, आणि मी आपला पोत्याला चिकटून.

सुचलं ते शबानाबाईंना. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, परात उचलली आणि सरळ कॅमेऱ्यासमोर गेल्या.

“काय गं मनवा? मीच ती मावशी. आजोबांना जरा ओरड बघू. कारल्याची भाजी केली की ताटात ठेवून देतात.”

“आजोबा! कारलं खायचं!”

“खातो, खातो,” सर म्हणाले.

“आणि क्वार्टर नंतर बघ हं बाळा. स्वयंपाकघरात नुसता पसारा पडलाय माझा. पसारा बघितला कुणी, तर मला आवडत नाही.”

“आई पण असंच म्हणते,” मनवा म्हणाली. मग आजोबांनी तिला अपूर्णांकांचं एक गणित घातलं, तिनं ते सोडवलं. तेवढ्यात तिकडे कुठेतरी फाटक वाजलं. ती “बाबा आले” म्हणाली आणि चित्र गेलं.

सर खुर्चीतच बसून राहिले. शबानाबाईंनी परात जागेवर ठेवली, ओढणी सोडली आणि आम्हाला डोळ्यांनीच बाहेर चला म्हणून खुणावलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही, सरांकडे तर नाहीच.

परत येताना आप्पा ढेकळे गोठ्याच्या दारात उभे होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “सांगितलं हुतं न्हवं, साप हाय म्हणून?”

बागणेनं सगळ्यांना थांबवलं. “हे बघा, आपण काय बघितलेलं नाही. ग्रंथालयातलं यंत्र दाखवलं, परत आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.” त्या क्षणी तो मला माझ्यापेक्षा चांगला माणूस वाटला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

समारोपाला सर वेळेवर आले. फाटकातून, स्कूटरवरून, शहराकडून आल्यासारखे. शर्टाची बटणं नीट लावलेली.

“काय हणबर, जेवून आलात वाटतं घरून?” सचिवसाहेबांनी विचारलं.

“आलो, साहेब. सूनबाई आग्रह करते, उशीर होतो.”

आम्ही सगळेच आपापल्या चपला-बुटांकडे बघत बसलो. प्रमाणपत्रं वाटली गेली. मी पहिला आलो होतो. बागणेचे आणि माझे आधीचे गुण सारखेच होते. शेवटच्या प्रात्यक्षिकात सरांनी मला पूर्ण गुण दिले होते, तेवढ्यानंच मी पुढे गेलो. प्रमाणपत्र त्यांनीच हातात दिलं आणि “अभिनंदन” म्हणाले. टाळ्या वाजल्या. आयुष्यात तशा टाळ्या मी दुसऱ्यांदा ऐकल्या नाहीत, आणि ऐकायच्याही नाहीत.

बाकीचं मला नंतर आप्पांकडून कळलं. बाई गेल्यावर मुलाशी सरांचं बिनसलं. कशावरून ते आप्पांनाही माहीत नव्हतं. एके दिवशी मुलगा नको ते बोलला आणि सर पिशवी घेऊन निघाले. पगार होता, शहरात खोली सहज मिळाली असती. पण स्वतःचा बंगला असताना हणबर सर भाड्याची खोली शोधताहेत, हे सांगायला गावात वेगळी दवंडी पिटावी लागली नसती. खोली घेणं म्हणजे पोराला चव्हाट्यावर आणणं. “पोरगं कसं बी असंना, माझं हाय,” असं ते आप्पांना म्हणाले होते. म्हणून हवामान केंद्र. त्या ठिपक्याकडे कुणी बघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

माझी चूक नव्हती, असं बायको म्हणाली. शबानाबाई म्हणाल्या. मीही स्वतःला तेच सांगतो, आणि ते खरंही आहे. पण चूक असती तर बरं झालं असतं. चुकीची माफी मागता येते. नुसती लाज वाटते तिचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी नोकरीत रुजू झालो. सासरेबुवांनी पेढे वाटले. देखरेख कक्षात मोठा पडदा, नवी खुर्ची, माझ्या नावाची पाटी. दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळ व्हायच्या सुमाराला, हणबर सर हातात एक कागद घेऊन आत आले. सचिवसाहेबांचा आदेश होता. हवामान केंद्राचा अनधिकृत जोड तात्काळ बंद करावा, जागा रिकामी करून घ्यावी. आदेशात कुणाचं नाव नव्हतं, पण साहेबांनी तो सरांच्याच हाती पाठवला होता.

कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. त्या वरातीतलं कुणीही असेल. मी नव्हतो, एवढंच मला माहीत आहे, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

पडद्यावर तो ठिपका हिरवा होता; सर संगणक चालू ठेवूनच आले होते. “सर,” मी म्हणालो, “तिचा फोन व्हायचा असेल अजून.”

“व्हायचाय.”

“तो होऊ दे. मग करतो.”

“तात्काळ लिहिलंय, रघुनाथा.”

“उद्या करतो, सर. साहेबांना सांगेन, सिस्टीम बंद होती.”

“तुझी परिवीक्षा चालू आहे. पहिल्याच आदेशाला खोटं लिहिलंस, तर वर्षभरानं कायम कोण करेल तुला? आणि मी तुझा प्रमुख आहे. उशीर झाला तर मला तुझ्याविरुद्ध लिहावं लागेल. ते मला करायला लावू नकोस.”

मी माउसवरचा हात काढून घेतला. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “कर. तुझ्या हातून झालेलं मला चालेल.”

मी पडद्यावर डेअरीचा स्विच उघडला, तो पोर्ट निवडला आणि बंद केला.

दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. ठिपका लाल झाला. मग सरांच्या खिशातला मोबाइल वाजला. कुठलंही यंत्र बंद पडलं की विभागप्रमुखांना आपोआप मेसेज जावा, ही सोय मीच त्या आठवड्यात बसवली होती. त्यांनी चष्मा चढवला, मोबाइल लांब धरून मेसेज वाचला, आणि वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचला.

“आला,” ते म्हणाले. “लगेच आला. चांगलं बसवलंयस.”

आणि मी, सवयीनं, “थँक यू, सर,” म्हणालो.